गावाची वही: ओव्या, दप्तर आणि आठवणी नोंदवताना

गावाचा इतिहास म्हटलं की पहिलं बोट वाड्याकडं जातं, दुसरं देवळाकडं. एखाद्या म्हातारीला "गावाचा इतिहास सांगा" म्हटलं तर ती म्हणते, "मला अडाणीला काय ठावं, मालकांना विचारा." तिचं काही चुकत नाही, प्रश्न चुकलेला असतो. "लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचात?" असं विचारलं की पुढचा पाऊण तास लिहिणारीला मान वर करायला मिळत नाही. कोणती विहीर गोडी, कोणती मचूळ, कोणत्या विहिरीवर कुणाला चढू देत नव्हते, आड कोणत्या साली बुजवला, पाणवठ्याची वाट कुणाच्या बांधावरून होती, बहात्तरच्या दुष्काळात काय खाल्लं. पाणी, दळण, सरपण, बाळंतपण ही कामं बायकांची होती, म्हणून गावाची ही बाजू त्यांच्याचकडं आहे.

आमच्या ग्रामसंघातल्या बचत गटांनी मिळून गावाची वही केली. तिच्यात जात्यावरच्या ओव्या आहेत, म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी आहेत, जुन्या फोटोंची यादी आहे आणि गावातल्या कोणत्या कपाटात कोणतं जुनं रजिस्टर आहे याची नोंद आहे. दुसऱ्या गावातल्या गटांना हे करायचं असेल तर काय लागतं, वेळ किती जातो, घोळ कुठं होतो, ते इथं सविस्तर लिहीत आहोत.

तुकडी आणि पहिली बैठक

हे काम गटाला जमतं ते दप्तरामुळं. दहा ते वीस बायकांचा गट नियमित बैठक घेतो, इतिवृत्त लिहितो, बचत आणि कर्जाच्या नोंदी ठेवतो. तारीख टाकणं, सही-अंगठा घेणं, खाडाखोड न करता दुरुस्ती दाखवणं याची सवय हाताला आधीच असते. गावाच्या वहीला यापेक्षा वेगळं शिक्षण लागत नाही.

एका तुकडीत तिघी पुरतात: एक विचारणारी, एक लिहिणारी, एक फोन सांभाळणारी. चौथी आली की गप्पा सुरू होतात आणि गाणारी गप्प बसते. विचारणारी वयानं थोडी मोठी असावी, कारण बाळंतपण, सवत, मारहाण हे विषय तरुण पोरीसमोर निघत नाहीत. गाणारीची सून तुकडीत कधीच नको. लेक चालते, नात तर फार उत्तम. सून समोर असली की सासुरवासाच्या सगळ्या ओव्या आपोआप गाळल्या जातात, आणि जात्यावरच्या ओव्यांतला मोठा भाग तोच असतो.

पहिली बैठक हळदीकुंकवाला जोडू नका. आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ठेवली होती, बायका एका जागी सापडतील म्हणून. पण ज्यांच्याकडं सगळ्यात जास्त ओव्या आहेत त्या सत्तरीच्या पुढच्या, आणि त्यातल्या बहुतेक विधवा. त्या आल्याच नाहीत, त्यांना बोलावणंच गेलं नव्हतं. नंतर त्यांच्याकडं गेलो तर "तेव्हा नाही लागले का मी?" हा प्रश्न डोळ्यांत होता. ती चूक भरून काढायला दोन महिने गेले. बैठक गटाच्या नेहमीच्या वारी, समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओट्यावर ठेवा आणि बोलावणं घरोघरी जाऊन करा.

वस्त्यांची यादी आधी कागदावर काढा: गावठाण, मळ्यातल्या वस्त्या, बौद्धवाडा, मातंगवस्ती, धनगरवाडा, तांडा, जे जे गावात असेल ते. प्रत्येक वस्तीतून किमान दोन गाणाऱ्या झाल्याशिवाय संग्रह पुरा म्हणायचा नाही, हा नियम आम्ही केला, कारण सुरुवातीच्या ओव्या फक्त गावठाणातल्या होत्या. त्यात पंढरी होती, रामसीता होती, भाऊ आणि माहेर होतं. बौद्धवाड्यात बसल्यावर बाबासाहेबांच्या ओव्या निघाल्या, एकीमागून एक. त्याच जात्यावर, त्याच चालीत भीमराव आहेत, रमाबाई आहेत, शाळा आहे. त्या गावठाणात कुणाला ठाऊक नव्हत्या. दोन वस्त्यांमध्ये अंतर चारशे पावलांचं आहे. गावाचा इतिहास एका आळीत बसून लिहिला तर काय सुटतं ते तिथं कळलं.

आणखी एक गाळण असते, ती माहेर-सासरची. गावात नांदणारी बाई दुसऱ्या गावची लेक आहे. तिच्या ओव्यांतला देव, नदी, डोंगर पुष्कळदा माहेरचा असतो. आपल्या गावच्या लेकी लग्न होऊन गेल्या, त्यांच्याबरोबर आपल्या गावच्या ओव्याही गेल्या. म्हणून नोंदीत माहेरचं गाव आणि तालुका, माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नाचं अंदाजे साल हे चारही हवेत. माहेरवाशिणी येतात ते दिवस धरून ठेवा: नागपंचमी, गौरी, दिवाळी, गावची जत्रा. आमच्या संग्रहातल्या गावाबद्दलच्या सगळ्यात जुन्या गोष्टी माहेरवाशिणींनी सांगितल्या. गावातल्या पुरुषांना त्या ऐकून नवल वाटलं.

ओवी जात्याशिवाय येत नाही

पिठाची गिरणी गावात आली आणि दळण थांबलं, तेव्हापासून ओवी तोंडातून गेली. आता ती हमखास ऐकू येते ती लग्नाच्या घाण्याला (लग्नाआधीचा दळण-कांडणाचा विधी) आणि हळद दळताना. म्हणून लग्नसराईत आदल्या दिवशी घाण्याच्या घरी परवानगी घेऊन बसणं हा एक चांगला मार्ग आहे. पण तिथं गलका असतो, चार जणी एकदम गातात आणि शब्द वेगळे काढता येत नाहीत. तिथं कोण गाते एवढं हेरायचं आणि नंतर घरी जायचं.

घरी गेल्यावर "ओवी म्हणा" म्हटलं की पहिलं उत्तर "आता न्हाई आठवत" हेच असतं. दुसऱ्या भेटीत आम्ही जातं लावून घेऊ लागलो आणि फरक पडला. ओवी स्मरणात आहे ती हाताच्या फेऱ्याला बांधलेली, हात फिरला की दुसरी ओळ आपोआप येते. जातं वर्षानुवर्षं पडून असेल तर आधी धुऊन वाळवा. खुंटा हलत असेल तर ठोकून पक्का करा, नाहीतर गाण्यापेक्षा त्याचाच आवाज जास्त येतो. टाकी (दगडावरचे छिन्नीचे टोचे) झिजलेली असली तरी चालेल, आपल्याला पीठ पाडायचं नाही. दोन मुठी ज्वारी पुरते. रिकामं जातं फिरवू नये, दगडावर दगड घासला की कर्कश आवाज येतो आणि गाणारी लगेच हात थांबवते. समोर दुसरी दळणारी बसवा, शक्यतो तिची जुनी जोडीदारीण. एकीनं सोडली तर दुसरी उचलते.

मात्र जात्याची घरघर शब्द खाते. त्यामुळं प्रत्येक ओवी दोनदा घेतो: आधी दळताना गाऊन, मग हात थांबवून, गाऊन किंवा नुसती सांगून. पहिल्यातून चाल मिळते, दुसऱ्यातून शब्द. पहिली पद्धतच वापरली तर नंतर "बंधू" की "बिंदू" यावर तासभर भांडण होतं, हे आम्ही पुरेपूर अनुभवलंय.

वेळ दुपारी दोन ते चारची बरी. सकाळी कामं, संध्याकाळी भाकरी आणि दूरदर्शन. एका बैठकीत पाऊण तासाच्या वर गाऊन घेऊ नका, वयस्क बायांना दम लागतो आणि त्या सांगत नाहीत. "पहिली माझी ओवी" पासून सुरुवात करून दिली की पाचव्या-सहाव्या ओवीपर्यंत गळा मोकळा होतो. विषय आपण सुचवायचा नाही. "आता पंढरीची म्हणा" असं म्हटलं की क्रम तुटतो. एका ओवीतून दुसरी कशी निघाली हीसुद्धा माहितीच आहे. आईच्या ओवीनंतर लगेच मुराळ्याची, म्हणजे माहेरी न्यायला येणाऱ्याची, येते, त्यानंतर वाटेवरच्या ओढ्याची येते. विषयवार लावणं हे आपलं नंतरचं काम.

फोनबद्दल. साधा फोन पुरतो, पण चार गोष्टी पाळाव्या लागतात. विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन ओवीत फोन वाजतो. फोन जमिनीवर किंवा जात्याजवळच्या पाटावर ठेवू नका, हादरा थेट आवाजात येतो. दुमडलेल्या गोधडीवर, गाणारीच्या तोंडापासून वीतभर ते दीड वीत अंतरावर, थोडा बाजूला ठेवा. पंखा बंद. पत्र्याच्या घरात पावसात आणि भर उन्हात नको, पत्रा तडतडतो. रेकॉर्डिंगचं ॲप शक्य असेल तर वेव्ह (WAV) प्रकारात ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असं ठेवलं तर एका तासाला साधारण ३२० एमबी जागा लागते, तेव्हा निघण्याआधी फोनमध्ये एक जीबी मोकळी आहे का ते बघा. पहिलं एक मिनिट घेऊन, थांबवून, कानाला लावून ऐका. हे एक मिनिट वाचवायला गेलो आणि एक अख्खी दुपार मुकी निघाली, फोनच्या कव्हरनं माईकचं भोक झाकलं होतं.

रेकॉर्डिंग सुरू झालं की सगळ्यात आधी आपण बोलायचं: तारीख, वस्ती, गाणारीचा क्रमांक, तिघींची नावं. फाईलचं नाव पुढं हरवलं तरी आवाजातली ओळख राहते.

परवानगी तीनदा

परवानगी एकदा विचारून भागत नाही. सुरुवातीला "ताई, घ्या की" असं सगळ्याच म्हणतात, कारण समोर ओळखीची बाई बसलेली असते. म्हणून तीनदा विचारायचं ठरवलं. गाण्याआधी. गाऊन झाल्यावर, तिला स्वतःला ऐकवून. आणि वही छापायच्या किंवा वाचायच्या आधी, लिहिलेलं वाचून दाखवून. दुसऱ्या वेळेला पुष्कळ जणी म्हणतात, "ती नणंदेची नका टाकू, तिची नातवंडं हाय्त गावात." ती ओवी लगेच वेगळ्या वहीत जाते, वाचली जात नाही. तिसऱ्या वेळेला नाव घालायचं की नुसती वस्ती, हे तीच ठरवते. संमती तिच्याच शब्दांत रेकॉर्ड करायची. अंगठ्याच्या कागदाची भीती वाटते, जमिनीचे अंगठे कसे घेतले गेले ते या पिढीनं बघितलंय.

वाटण्या, बांधाचे तंटे, कुणी कुणाला टाकलं, हे सांगणारी मनापासून सांगते. ते ऐकावं, पण वहीत घेऊ नये. गावच्या वहीचा साक्षीपुरावा म्हणून वापर होऊ लागला की दुसऱ्या दिवसापासून कुणी तोंड उघडत नाही.

उतरवून काढणं

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो. एका तासाच्या गाण्याला लिहून काढायला सहा ते आठ तास लागतात, आणि दोघींनी ऐकल्याशिवाय ते पक्कं होत नाही. आधी महिनाभर भेटी आणि मग लिखाण, असं केलं तर लिखाण कधीच होत नाही. एक बैठक झाली की आठवड्याच्या आत ती उतरवायची, मगच पुढची.

जात्यावरची ओवी बहुतेक दोन ओळींची असते, पण गाताना ती दोन ओळींची राहत नाही. अर्धी ओळ परत येते, मध्ये "गं बाई", "ना गं", "सांगते तुला" भरलं जातं, दुसरी ओळ दोनदा म्हटली जाते. पहिल्यांदा आम्ही हे सगळं भरताड समजून काढून टाकलं आणि सुटसुटीत दोन ओळी लिहिल्या. वाचायला बऱ्या वाटल्या, गाऊन बघितल्या तर जात्याच्या फेऱ्यात बसेनात. आता प्रत्येक गाणारीच्या पहिल्या तीन ओव्या गायल्या तशा पूर्ण लिहितो, पुढच्या नुसत्या दोन ओळींत. चाल कशी ते त्या तिनांवरून कळतं.

बोली सुधारायची नाही. "न्हाई", "पान्याला", "म्हनं", "लई" जसं कानावर आलं तसं. शिकलेल्या मुलींचा हात इथं आपोआप शुद्धलेखनाकडं जातो, दहावीपर्यंत तेच शिकवलेलं असतं. त्यांना सांगावं लागतं की "आणि" लिहिलंस आणि आजी "आन्" म्हणाली, तर आजी खोडली गेली. न कळलेला शब्द अंदाजानं भरू नये, रेघ ओढून वर मिनिट-सेकंद टाकावा. ती रेघ घेऊन परत गेलो की बहुतेक वेळा नवा शब्द मिळतो. शेतीच्या अवजारांची, दागिन्यांची, लुगड्याच्या काठांची नावं अशीच मिळाली.

हे काम मोठ्या प्रमाणावर आधी झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा तो संग्रह आहे. त्यातून आम्ही उचललेली गोष्ट म्हणजे क्रमांक. प्रत्येक ओवीला स्वतःचा क्रमांक, त्यापुढं गाणारी, गाव, तालुका आणि विषय. आमचे विषय साधे आहेत: जातं-दळण, आई-माहेर, भाऊ, लेक, सासर, देव-पंढरी, भीमराव, शेतीभाती, आजारपण-दुष्काळ. एका ओवीला दोन विषय लागले तर दोन्ही लिहायचे, वाद घालत बसायचं नाही.

साल कसं काढायचं

वय विचारलं की "साठ-सत्तर असंल" हे उत्तर येतं, आधारकार्डावरची १ जानेवारी बहुतेकींची खोटीच असते. आठवण सालाला बांधायची तर खुंटे लागतात. आमच्याकडं खुंट्यांची एक पाटी आहे, विचारणारीच्या हातात असते. मानमोडीची (इन्फ्लुएन्झाची) साथ १९१८ची, ती आता सासूच्या सासूनं सांगितलेली म्हणून येते. मराठवाड्यात रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८. आणे जाऊन नये पैसे आले ते १ एप्रिल १९५७. महाराष्ट्र राज्य १ मे १९६०. पुण्याकडं पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडणं, सुकडी, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी). इंदिरा गांधी गेल्या ते ३१ ऑक्टोबर १९८४. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट.

"भूकंप झाला तेव्हा थोरला अंगावर पीत होता" एवढं वाक्य मिळालं की थोरल्याचा जन्म, लग्नाचं साल आणि बाईचं वय तिन्ही दोन-तीन वर्षांच्या फरकानं मिळतात. वहीत मात्र काढलेलं साल आणि तिचं वाक्य दोन्ही लिहायचं. नुसतं "१९६५" लिहिलं तर पुढच्या माणसाला वाटतं तिनंच सांगितलं.

दप्तर, आणि त्यातून निघालेलं काम

ओव्यांइतकंच मोलाचं काम गावातल्या कागदांचं निघालं, आणि ते आम्ही ठरवलेलं नव्हतं.

गावाचे जुने कागद तीन-चार ठिकाणी असतात. शाळेत जनरल रजिस्टर: मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, दाखल तारीख. ग्रामपंचायतीकडं आणि तहसीलला जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, गाव नमुना १४, ज्याला जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात. तलाठ्याकडं फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. आणि घरोघरी ट्रंकेत दडलेले खरेदीखत, शाळा सोडल्याचे दाखले, सैन्यातले कागद.

आम्ही कोणतंही रजिस्टर उचललं नाही, पानांचे फोटोही घेतले नाहीत. मुख्याध्यापकांना ग्रामसंघाचा लेखी अर्ज दिला आणि त्यांच्यासमोर बसून फक्त यादी केली: रजिस्टर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, पानं किती, कोणती फाटकी, कसर कुठं लागली, लिपी कोणती. त्यातल्या नोंदी लोकांच्या खासगी असतात, त्या वहीत उतरवणं बरोबर नाही. यादी एवढी साधी असली तरी तिचा उपयोग लगेच झाला.

जातीचा दाखला आणि पडताळणी करताना त्या त्या प्रवर्गाच्या मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे सरकारनं त्या प्रवर्गासाठी धरलेल्या तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. पोराचा प्रवेश तोंडावर आला की घर धावू लागतं आणि आजोबा कोणत्या शाळेत, कोणत्या साली हेच ठाऊक नसतं. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबा गेले असतील, आजोबांची थोरली बहीण गेली असेल. हे नातं कागदावर नसतं, घरातल्या म्हातारीच्या तोंडी असतं. आम्ही ओव्यांच्या बैठकीतच प्रत्येक घराची तीन पिढ्यांची वंशावळ काढत होतो. म्हातारीची वंशावळ आणि शाळेची यादी शेजारी ठेवली की कोणत्या रजिस्टरात शोधायचं ते कळतं. मग घरचा माणूस स्वतः अर्ज करून नक्कल घेतो. गटाचं काम रजिस्टर दाखवण्यापर्यंतच.

वंशावळीत बायकांची नावं घालाच. आमची पहिली दहा घरं नुसती बाप-लेक-नातू अशी उतरली होती, बायकांनी लिहूनसुद्धा. बहिणीचं नाव नसेल तर तिच्या शाळेची नोंद कशी सापडणार?

जुन्या कागदात मोडी निघाली तर अंदाजानं वाचू नका. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात, तिथं शिकलेले वाचक जिल्ह्यात सापडतात. मराठवाड्यातल्या जुन्या महसुली कागदावर उर्दू आणि फसली साल (जुनं महसुली वर्ष) असतं. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, फसली वर्ष मध्येच सुरू होत असल्यानं दोन सालांच्या जोडीनं लिहावं, जसं फसली १३३८ म्हणजे १९२८-२९. शकात ७८ मिळवायचे, आणि पौष ते फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९.

घरोघरी बसल्यावर आणखी एक दिसतं. म्हातारीला निराधारची किंवा श्रावणबाळची पेन्शन चालू होती आणि बंद पडली, कारण हयातीचा दाखला गेला नाही. म्हणून लिहिणारीच्या वहीत शेवटचं पान वेगळं ठेवलं: दाखला दिला का, औषध चालू आहे का, चष्मा आहे का. ते पान गावाच्या वहीत जात नाही, पुढच्या बैठकीत ग्रामसंघाच्या सामाजिक समितीकडं जातं. गाणी घेऊन निघून गेलो असतो तर आम्हाला दुसऱ्यांदा त्या उंबऱ्यात उभं राहायला जड गेलं असतं.

फोटो आणि दगड

फोटो घरातून बाहेर न्यायचे नाहीत. खिडकीशेजारी, उन्हाच्या थेट झोताबाहेर, पांढऱ्या कागदावर ठेवून, फ्लॅश बंद करून, फोन समांतर धरून काढायचे. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, वरचा थर सोलून येतो, अल्बमसकटच घ्या. मागच्या बाजूला काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं आणि कडेला. लॅमिनेशन आणि सेलोटेप या दोन गोष्टींनी जितके फोटो घालवले तितके वाळवीनंही घालवले नसतील.

वेशीबाहेरच्या वीरगळावर (लढाईत मेलेल्या वीराच्या स्मरणाच्या दगडावर) एवढंच सांगू की तो खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्यात अप्सरा वीराला नेताना, वरच्यात शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. बायका तिला हळदकुंकू वाहतात, ते थांबवायला जाऊ नका. ऑइल पेंट आणि घासायचं ॲसिड मात्र थांबवा. फोटो संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढले तर झिजलेली रेघही दिसते. खोदकामात नाणी किंवा मूर्ती निघाली तर जागेवरून न हलवता तहसीलला कळवायचं.

वही ठेवणं आणि परत वाचणं

दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही, पानांना आधीच क्रमांक घालून. जेल पेन नको, पावसाळ्यात पान दमट झालं की शाई पसरते, साधं बॉलपेन घ्या. उजवीकडचा चौथा हिस्सा रेघ ओढून मोकळा सोडा, तो दुरुस्तीचा रकाना. वहीच्या दोन झेरॉक्स, एक शाळेच्या कपाटात आणि एक ग्रामपंचायतीत. आवाजाच्या फाईली तीन ठिकाणी: एक पेनड्राइव्ह ग्रामसंघाकडं, एक हार्ड डिस्क गावाबाहेरच्या एखाद्या लेकीकडं, एक इंटरनेटवरच्या साठवणीत. व्हॉट्सॲपवर आवाज आणि फोटो पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान होतात आणि नंतर तीच प्रत मूळ म्हणून फिरत राहते. दर दिवाळीला एकदा सगळ्या फाईली उघडून बघायच्या. पेनड्राइव्ह न सांगता मरतो.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, वहीचं वाचन आम्ही त्या सभेत ठेवलं. एका सभेला एक वस्ती. वाचणारी सावकाश वाचते आणि मध्येच कुणीतरी म्हणतं, "तसं न्हाई, ती विहीर बहात्तरच्या आधीच आटली होती." मूळ ओळ खोडायची नाही. दुरुस्तीच्या रकान्यात तिचं म्हणणं, तिचं नाव आणि तारीख लिहायची. दोन्ही म्हणणी शेजारी शेजारी राहतात. विहिरीच्या पानावर आतापर्यंत अशा सात दुरुस्त्या झाल्यात, आणि रकान्यात अजून चार ओळींची जागा आहे.